एक्सेलमधल्या नकोशा बाहेरच्या लिंक: शोधायच्या कुठे, काढायच्या कशा

एप्रिल आला की मागच्या वर्षाच्या फाइलची प्रत काढायची, नाव बदलायचं आणि तिच्यावरच यंदाचं काम सुरू करायचं. सोसायटीचा हिशेब असो, शाळेचं निकालपत्रक असो किंवा कारखान्याचं पगारपत्रक, रीत सगळीकडे हीच. अशी चार-पाच वर्षं गेली की फाइल उघडताना सूचना यायला लागते: या वर्कबुकमध्ये बाहेरच्या फाइलींच्या लिंक आहेत, त्या असुरक्षित असू शकतात, अपडेट करायच्या का? सूचनेतली फाइल बहुतेकदा कधीच नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी डेस्कटॉपवर असते. तिची आता कुणालाच गरज नसते, पण लिंक काही सुटत नाही.

बाहेरची लिंक म्हणजे तुमच्या वर्कबुकमधल्या एखाद्या गोष्टीने दुसऱ्या वर्कबुककडे दाखवलेलं बोट. सेलमध्ये ती साधारण अशी दिसते:

='डी:\हिशेब\[बजेट.एक्सएलएसएक्स]एप्रिल'!सी१०

(स्क्रीनवर ही अक्षरं रोमन असतील.) आधी फोल्डरचा मार्ग, चौकोनी कंसात फाइलचं नाव, मग शीटचं नाव, उद्गारचिन्ह आणि शेवटी सेलचा पत्ता. मूळ फाइल उघडी असेल तर फोल्डरचा मार्ग गायब होतो आणि नुसता कंस उरतो. सेलमध्ये क्लिक केल्यावर वेबसाइट उघडणारी निळी हायपरलिंक ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यामुळे ही सूचना येत नाही.

सूचनेचा त्रास हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग. खरा धोका आकड्यांना असतो. तुमची फाइल बंद असताना कुणी मूळ फाइलमध्ये वरच्या बाजूला एक ओळ घातली, तर तुमच्या फॉर्म्युल्याला ते कळत नाही. तो जुन्याच पत्त्यावरचा आकडा आणतो, म्हणजे एकूण रकमेच्या जागी वीजबिल येऊन बसतं, आणि कुठेही चूक म्हणून लाल खूण दिसत नाही.

हाताशी काय हवं

- विंडोजवरचं डेस्कटॉप एक्सेल. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एक्सेलमध्ये खालच्या बऱ्याच सोयी नाहीत.
- शीट किंवा वर्कबुक संरक्षित असेल तर त्याचा पासवर्ड. हा आधी मिळवा, नाहीतर अर्ध्यात अडकाल.
- मूळ फाइल सापडत असेल तर ती. नसली तरी काम होतं.
- नोटपॅड. ते फक्त शेवटच्या उपायाला लागेल.

१. प्रत काढा आणि 'अपडेट' दाबू नका

मूळ फाइलला हात न लावता वेगळ्या नावाची प्रत काढा. प्रत उघडताना सूचना आली की 'डोन्ट अपडेट' निवडा. 'अपडेट' दाबलं आणि मूळ फाइल बदललेली असेल तर आकडे तिथेच बदलतील. मूळ फाइलमधलं शीटच उडालेलं असेल तर सेलमध्ये रेफची (पत्ता सापडत नसल्याची) चूक येईल. दोन्ही बाबतीत तुम्ही ज्या आकड्यांवर आजवर सह्या केल्या ते हातचे जातात.

आता महत्त्वाच्या बेरजा एका कागदावर किंवा दुसऱ्या फाइलमध्ये नुसते आकडे म्हणून उतरवून घ्या. प्रत्येक शीटची शेवटची बेरीज पुरे. काम संपल्यावर ताळा याच आकड्यांशी करायचा आहे.

२. कोणत्या फाइलींशी नातं आहे ते बघा

'डेटा' टॅबवर 'एडिट लिंक्स' हे बटण आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये त्याचं नाव 'वर्कबुक लिंक्स' झालंय आणि खिडकीऐवजी उजवीकडे एक पट्टी उघडते. तिथे मूळ फाइलींची यादी दिसते. जुन्या खिडकीत 'चेक स्टेटस' दाबलं तर प्रत्येक फाइल सापडते की नाही तेही कळतं.

यादी लिहून घ्या आणि प्रत्येक फाइलपुढे एक निर्णय लिहा: ही लिंक खरंच हवी आहे, तिचा फक्त आकडा हवा आहे, की ती चुकून आलेली आहे? हा निर्णय न घेता 'ब्रेक लिंक' दाबत सुटणं हीच या कामातली सर्वात मोठी चूक. तिन्हींची औषधं वेगळी आहेत, ती पाचव्या पायरीत येतील.

याच खिडकीत 'स्टार्टअप प्रॉम्प्ट' नावाचं बटण आहे. ते वापरून सूचना कायमची बंद करता येते, आणि बरेच जण हाच 'उपाय' सांगतात. त्याने सूचना जाते, लिंक तशीच राहते. उलट पुढच्या माणसाला ती असल्याचा सुगावाही लागत नाही. तुमच्या फाइलमध्ये कुणी हे आधीच करून ठेवलेलं असेल तर ते परत नेहमीच्या स्थितीला आणा.

३. लपवलेलं सगळं उघडं करा

शोधण्याआधी फिल्टर काढा, लपवलेल्या ओळी आणि स्तंभ उघडा. मग कुठल्याही शीटच्या टॅबवर उजवं क्लिक करून 'अनहाइड' बघा. लपलेली शीटं असतील तर ती उघडा. 'अनहाइड' फिकट दिसत असेल तर एक तर लपलेलं काही नाही, किंवा वर्कबुकची रचना संरक्षित आहे. 'रिव्ह्यू' टॅबमध्ये 'प्रोटेक्ट वर्कबुक' बघून घ्या.

याहून खोल लपवलेली शीटंही असतात. ती 'अनहाइड'च्या यादीत येतच नाहीत. त्यासाठी ऑल्ट आणि एफ११ दाबा. डावीकडे वर्कबुकमधल्या सगळ्या शीटांची यादी दिसेल, आणि तिथलं एखादं नाव टॅबच्या ओळीत नसेल तर तेच ते. त्यावर क्लिक करा, एफ४ दाबा, खाली 'व्हिजिबल' या ओळीत 'व्हेरी हिडन' असेल त्याऐवजी उणे १ चा 'व्हिजिबल' पर्याय निवडा. तयार विकत घेतलेल्या टेम्प्लेटमध्ये अशी शीटं हमखास सापडतात.

संरक्षित शीटांचं संरक्षणही आत्ताच काढा. संरक्षित शीटमधली लिंक तोडता येत नाही, आणि एक्सेल दरवेळी कारण स्पष्ट सांगतंच असं नाही.

४. सेलमधल्या लिंक शोधा

कंट्रोल आणि एफ दाबा, 'ऑप्शन्स' उघडा आणि तीन गोष्टी बघा. 'विदिन'मध्ये 'वर्कबुक' हवं, 'शीट' नाही. 'लुक इन'मध्ये 'फॉर्म्युलाज' हवं. आणि 'मॅच एन्टायर सेल कन्टेन्ट्स'ची खूण निघालेली हवी. मागच्या वेळच्या शोधातली खूण तशीच राहते आणि मग काहीच सापडत नाही.

शोधायचं काय? बरेच जण उघडा चौकोनी कंस शोधा म्हणतात. तो चालतो, पण दोन अडचणी आहेत. वर्कबुकमध्ये एक्सेलची टेबलं असतील तर स्तंभांची नावंही चौकोनी कंसातच येतात आणि शेकडो खोटे निकाल मिळतात. शिवाय लिंक दुसऱ्या फाइलमधल्या एखाद्या नावाकडे (सेलना किंवा श्रेणीला दिलेलं नाव) असेल तर तिच्यात कंस नसूही शकतो. म्हणून फाइलच्या नावाच्या शेपटाची सुरुवात शोधा: टिंब आणि पुढे एक्स, एल ही दोन अक्षरं. जुन्या-नव्या सगळ्या एक्सेल फाइली त्यात येतात. यादीत सीएसव्हीसारखी दुसऱ्या जातीची फाइल असेल तर तिच्या नावाचा एखादा तुकडा वेगळा शोधा.

'फाइंड ऑल' दाबल्यावर खाली यादी येते. खिडकी ओढून मोठी करा आणि 'फॉर्म्युला' या शीर्षकावर क्लिक करा, म्हणजे सारखे फॉर्म्युले एकत्र येतील. ३६५ मधल्या 'वर्कबुक लिंक्स'च्या पट्टीतही त्या त्या फाइलपुढच्या तीन टिंबांत 'फाइंड नेक्स्ट' आहे.

'इनडायरेक्ट' फंक्शनकडे वेगळं लक्ष द्या. ते फाइलचं नाव मजकुरासारखं जोडून पत्ता तयार करतं, त्यामुळे 'एडिट लिंक्स'च्या यादीत दिसत नाही. मूळ फाइल बंद असली की ते रेफची चूक देतं. 'सम इफ' आणि 'काउंट इफ' यांचंही बंद फाइलशी जमत नाही, फक्त त्यांची चूक 'व्हॅल्यू' अशी दिसते. एखाद्या सेलमध्ये आज आकडा आणि उद्या चूक असा खेळ चालला असेल तर संशयित हेच.

५. सेलमधल्या लिंक काढा: तीन वेगळे उपाय

*लिंक चुकून आली आहे.* हा प्रकार सर्वात जास्त आढळतो. 'पगार' आणि 'दर' अशी दोन शीटं एका फाइलमध्ये आहेत. कुणी 'पगार' शीट नव्या फाइलमध्ये कॉपी केलं. 'दर' नव्या फाइलमध्येही आहे, तरी फॉर्म्युले अजून जुन्या फाइलमधल्या 'दर'कडेच बघतात. इथे लिंक तोडायची नाही, ती स्वतःच्याच फाइलकडे वळवायची. फाइल सेव्ह करा. 'एडिट लिंक्स'मध्ये ती जुनी फाइल निवडा, 'चेंज सोर्स' दाबा, आणि समोर येणाऱ्या खिडकीत तुम्ही आत्ता उघडलेली हीच फाइल निवडा. फॉर्म्युल्यांतून फाइलचं नाव निघून जातं आणि ते आतल्या 'दर' शीटकडे बघू लागतात. फॉर्म्युले जिवंत राहतात. इतका चांगला उपाय असून फार थोड्यांना माहीत आहे. त्या नावाचं शीट तुमच्या फाइलमध्ये नसेल तर एक्सेल शीट निवडायला सांगेल. तेव्हा अंदाजाने काहीही निवडू नका. 'कॅन्सल' करा आणि आधी ते शीट आणा.

हेच काम कंट्रोल आणि एचनेही होतं. मार्गासकट मिटत्या चौकोनी कंसापर्यंतचा भाग 'फाइंड व्हॉट'मध्ये टाका, खालची चौकट रिकामी ठेवा. आतलं शीट नसेल तर एक्सेल प्रत्येक सेलसाठी फाइल विचारायची खिडकी उघडत बसतं. अशा वेळी एस्केप दाबत राहावं लागतं, म्हणून आधी एका सेलवर करून बघा.

*फक्त आकडा हवा आहे.* मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक, जुना विनिमय दर, अशा गोष्टी आता बदलणार नाहीत. इथे 'ब्रेक लिंक' बरोबर. दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. एक, हे कंट्रोल आणि झेडने परत येत नाही. दोन, लिंक ज्या फॉर्म्युल्यात आहे तो पूर्ण फॉर्म्युला जाऊन त्याजागी आकडा बसतो. समजा दर बाहेरच्या फाइलमधला होता आणि तास याच शीटमधले होते, आणि दोघांचा गुणाकार एका सेलमध्ये होता. लिंक तोडल्यावर तास बदलले तरी त्या सेलमधला आकडा हलणार नाही. असे मिश्र फॉर्म्युले असतील तर आधी बाहेरचा दर एका वेगळ्या सेलमध्ये हाताने लिहा, फॉर्म्युला त्या सेलकडे वळवा, आणि मगच उरलेल्या लिंक तोडा.

*लिंक खरंच हवी आहे, पण फाइलची जागा बदलली.* 'चेंज सोर्स' करून नवी जागा द्या, बस.

हे झाल्यावर सेव्ह करून फाइल बंद करा आणि पुन्हा उघडा. सूचना गेली असेल तर थेट नवव्या पायरीवर जा. मुद्दाम ठेवलेली लिंक एकही नसताना सूचना अजून येत असेल, किंवा 'ब्रेक लिंक' दाबूनही यादीतलं नाव जागचं हलत नसेल, तर लिंक सेलमध्ये नाही, दुसरीकडे दडली आहे.

६. नेम मॅनेजर तपासा

कंट्रोल आणि एफ३. शीट दुसऱ्या फाइलमध्ये कॉपी केलं की त्यात वापरलेली नावंही बरोबर येतात, आणि जुन्या फाइलकडे बघत राहतात. 'ब्रेक लिंक'ने ही नावं आपोआप पुसली जात नाहीत. 'रेफर्स टू' या स्तंभाच्या शीर्षकावर क्लिक करून क्रम लावा. फाइलचा मार्ग असलेली नावं एकत्र येतील.

पुसण्याआधी ते नाव कुठल्या फॉर्म्युल्यात वापरलंय का ते कंट्रोल-एफने बघा. वापरात असलेलं नाव पुसलं तर तिथे 'नेम'ची चूक येते. रेफ झालेली नावं 'फिल्टर'मधल्या 'नेम्स विथ एरर्स'ने वेगळी निघतात. ती बहुतेक मेलेलीच असतात.

काही नावं इथेही दिसत नाहीत, कारण ती कुठल्यातरी ॲड-इनने (एक्सेलला जोडलेल्या जादा प्रोग्रामने) लपवून ठेवलेली असतात. त्यासाठी 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' असं जा. तपासणीत 'हिडन नेम्स' सापडली तर ती तिथूनच काढता येतात. बाकीच्या ओळींपुढचं 'रिमूव्ह ऑल' मात्र डोळे मिटून दाबू नका. टिप्पण्या आणि लपलेली शीटंही उडतील.

७. चार्ट, आकृत्या, बटणं

चार्टमधल्या प्रत्येक रेषेवर किंवा स्तंभावर एकदा क्लिक करा आणि वरच्या फॉर्म्युला बारकडे बघा. दुसऱ्या फाइलचं नाव दिसलं तर उजवं क्लिक, 'सिलेक्ट डेटा', आणि तिथे श्रेणी बदला. चार्टचं शीर्षकही एखाद्या सेलला जोडलेलं असू शकतं, त्यावरही क्लिक करून बघा.

आकृत्या, मजकूर चौकटी आणि चित्रं यांचीही लिंक फॉर्म्युला बारमध्येच दिसते. सगळ्या वस्तूंची यादी हवी असेल तर ऑल्ट आणि एफ१० ने 'सिलेक्शन पेन' उघडा. कधी कधी एखादी आकृती इतकी दबलेली असते की डोळ्यांना दिसतच नाही. इथे तिचं नाव तरी सापडतं. बटणावर उजवं क्लिक करून 'असाइन मॅक्रो' बघा. मॅक्रोच्या नावाआधी दुसऱ्या फाइलचं नाव असेल तर लिंक तिथे आहे. ड्रॉपडाउन किंवा चेकबॉक्ससारख्या फॉर्म कंट्रोलसाठी 'फॉरमॅट कंट्रोल'मधल्या 'कंट्रोल' टॅबवर 'इनपुट रेंज' आणि 'सेल लिंक' या दोन चौकटी बघा.

पिव्होट टेबल असेल तर 'चेंज डेटा सोर्स' उघडून श्रेणीत बाहेरची फाइल नाही ना ते पाहा. पॉवर क्वेरीने (बाहेरून डेटा आणण्याची एक्सेलमधलीच सोय) आणलेला डेटा हे प्रकरण वेगळं. तो 'क्वेरीज अँड कनेक्शन्स'मध्ये दिसतो, 'एडिट लिंक्स'मध्ये नाही.

८. डेटा व्हॅलिडेशन आणि कंडिशनल फॉरमॅटिंग

'सगळं केलं तरी एक लिंक जातच नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच दोघे असतात: डेटा व्हॅलिडेशन म्हणजे सेलमध्ये काय भरता येईल याचा नियम, आणि कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणजे अटीनुसार सेलचं रंगरूप बदलणारा नियम. गंमत म्हणजे या दोन्हींत दुसऱ्या वर्कबुकचा पत्ता हाताने लिहायला एक्सेल मज्जाव करतं. पण शीट कॉपी करताना तोच पत्ता मागच्या दाराने आत येतो. कंट्रोल-एफ यांच्या आत बघत नाही, आणि 'ब्रेक लिंक'ही त्यांना हात लावत नाही.

व्हॅलिडेशनसाठी एकेका शीटवर एफ५, 'स्पेशल', 'डेटा व्हॅलिडेशन', 'ऑल' करा. नियम असलेले सगळे सेल निवडले जातील. इथे एक सापळा आहे. सगळे निवडलेले असतानाच 'डेटा व्हॅलिडेशन'ची खिडकी उघडलीत तर एक्सेल म्हणतं, निवडीत एकापेक्षा जास्त प्रकारचे नियम आहेत, ते पुसून पुढे जायचं का? 'हो' म्हणालात तर सगळे नियम गमावण्याची वाट मोकळी होते. 'कॅन्सल' करा. निवडलेल्यांपैकी एकेका गटातला एकच सेल घ्या, खिडकी उघडा आणि 'सोर्स'ची चौकट वाचा. चुकीचा पत्ता सापडला की तो दुरुस्त करा आणि खालच्या 'अप्लाय धीज चेंजेस टू ऑल अदर सेल्स विथ द सेम सेटिंग्ज'वर खूण करून ओके करा.

शीटं पुष्कळ असतील तर एक आडवाट उपयोगी पडते. 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज', 'चेक कम्पॅटिबिलिटी', आणि आवृत्तींमध्ये ९७-२००३ ठेवा. त्या जुन्या एक्सेलला दुसऱ्या शीटकडे बघणारं व्हॅलिडेशन झेपत नव्हतं, म्हणून तपासणी असे सेल शोधून दाखवते. त्यापुढच्या 'फाइंड'वर क्लिक केलं की थेट तिथे जाता येतं. 'कॉपी टू न्यू शीट' दाबून यादीही मिळते.

कंडिशनल फॉरमॅटिंगसाठी 'होम', 'कंडिशनल फॉरमॅटिंग', 'मॅनेज रूल्स'. वरच्या यादीत आधी 'करंट सिलेक्शन' असतं. ते बदलून 'धिस वर्कशीट' करा, नाहीतर नियम दिसणारच नाहीत. प्रत्येक शीटसाठी हे वेगळं करावं लागतं. लांब फॉर्म्युला यादीत अर्धा कापलेला दिसतो, म्हणून संशय आला की 'एडिट रूल' उघडा.

या खिडक्यांतल्या फॉर्म्युल्याच्या चौकटीत बाणाची कळ दाबली की कर्सर सरकण्याऐवजी भलताच सेलचा पत्ता आत घुसतो. आधी एफ२ दाबा, मग बाण नीट चालतात. नेम मॅनेजरमध्येही हेच.

तरीही सापडत नसेल तर: फाइल उकलून बघा

एक्सेल २००७ पासूनच्या एक्सएलएसएक्स आणि एक्सएलएसएम फाइली या मुळात झिप फाइली आहेत. जुनी एक्सएलएस असेल तर आधी 'सेव्ह ॲज'ने नव्या प्रकारात आणा. फाइल उघडायला पासवर्ड लागत असेल तर तोही काढा, नाहीतर ती झिप म्हणून उघडणार नाही.

एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'मधून फाइलींची शेपटं दिसायला लावा, आणखी एक प्रत काढा, तिच्या नावाचं शेपूट बदलून झिप करा. उघडल्यावर 'एक्सएल' नावाचा फोल्डर दिसेल, त्यात 'एक्स्टर्नललिंक्स' हा फोल्डर. त्याच्या आतल्या 'रेल्स' फोल्डरमधल्या फाइली नोटपॅडने उघडल्या की 'टार्गेट'पुढे मूळ फाइलचा पत्ता सापडतो. फाइलच्या नावातला क्रमांक लक्षात ठेवा.

आत साठवलेल्या फॉर्म्युल्यांमध्ये फाइलचं नाव नसतं, चौकोनी कंसात फक्त क्रमांक असतो. बहुधा पहिली लिंक म्हणजे कंसातला एक. आता 'वर्कशीट्स' फोल्डरमधली एकेक फाइल नोटपॅडमध्ये उघडून कंसासकट तो क्रमांक शोधा. सापडलेल्या जागेच्या अलीकडे 'डेटाव्हॅलिडेशन' किंवा 'कंडिशनलफॉरमॅटिंग' असा शब्द असेल, आणि सेलची श्रेणीही तिथेच लिहिलेली असेल. तिथे नसेल तर 'वर्कबुक' फाइल बघा, नावं त्यात असतात. मग 'चार्ट्स' आणि 'ड्रॉइंग्ज'. शीट फाइलींचे क्रमांक टॅबच्या क्रमाने असतीलच असं नाही.

जागा कळली की एक्सेलमध्ये परत या आणि तिथून दुरुस्त करा. झिपमधला 'एक्स्टर्नललिंक्स' फोल्डरच पुसून टाकायचा मोह आवरा. त्याचे धागे दुसऱ्या फाइलींत असतात, आणि पुढच्या वेळी एक्सेल 'मजकुरात बिघाड आहे, दुरुस्त करू का' विचारतं. त्या दुरुस्तीत काय जाईल ते तुमच्या हातात नसतं.

९. ताळा, आणि फाइल बाहेर पाठवायची असेल तर

सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडा. मुद्दाम ठेवलेली लिंक नसेल तर सूचना यायला नको, आणि 'एडिट लिंक्स'चं बटण फिकट झालेलं हवं (३६५ मध्ये पट्टी रिकामी). सुरुवातीला उतरवलेल्या बेरजा जुळवा. फरक आला तर लगेच प्रत मागे ठेवून कुठल्या पायरीत तो आला ते बघा. काढलेलं संरक्षण आणि लपवलेली शीटं पुन्हा होती तशी करा.

काही लिंक मुद्दाम ठेवल्या असतील आणि ही फाइल कार्यालयाबाहेर जाणार असेल, तर सावध. लिंक असलेल्या वर्कबुकमध्ये एक्सेल मूळ फाइलमधल्या आकड्यांची प्रतही साठवून ठेवतं. एका कर्मचाऱ्याचा पगार आणायला 'व्ही लुकअप'मध्ये पगाराच्या पूर्ण तक्त्याची श्रेणी दिली असेल, तर त्या श्रेणीतले सगळ्यांचे पगार तुमच्या फाइलच्या पोटात असतात. समोरच्याकडे मूळ फाइल नसली तरी फॉर्म्युल्यातला पत्ता बदलून किंवा वरच्या झिपच्या वाटेने ते वाचता येतात. फाइलचा आकार विनाकारण फुगतो तोही यामुळेच. बाहेर द्यायच्या प्रतीत लिंक तोडूनच द्या. ते शक्य नसेल तर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड'मध्ये खाली 'व्हेन कॅल्क्युलेटिंग धिस वर्कबुक' या भागातली 'सेव्ह एक्स्टर्नल लिंक व्हॅल्यूज'ची खूण काढून मग सेव्ह करा.

एक्सेल नसेल तर

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये 'एडिट' मेनूत 'लिंक्स टू एक्स्टर्नल फाइल्स' आहे, त्यातच 'ब्रेक लिंक'. गूगल शीट्समध्ये दुसऱ्या फाइलमधून डेटा 'इम्पोर्ट रेंज' या फंक्शनने येतो. 'फाइंड अँड रिप्लेस'मध्ये सगळी शीटं निवडा, फॉर्म्युल्यांतही शोधण्याची खूण करा आणि ते नाव शोधा.

पुन्हा घुसू नयेत म्हणून

एकमेकांवर अवलंबून असलेली शीटं एकेक करून कॉपी करू नका. कंट्रोल दाबून सगळे टॅब एकत्र निवडा आणि 'मूव्ह ऑर कॉपी'ने एकदमच हलवा. मग त्यांचे आपसातले पत्ते नव्या फाइलमध्ये आतलेच राहतात. कॉपी करताना एक्सेल 'हे नाव आधीच आहे, तेच वापरू का' विचारतं, तेव्हा घाईत 'नो' दाबलं की नावाची दुसरी प्रत तयार होते आणि ती जुन्या फाइलकडे बघत राहण्याची भीती असते.

नुसते आकडे हवे असतील तर कंट्रोल, ऑल्ट आणि व्ही, मग व्ही, म्हणजे फक्त व्हॅल्यूज चिकटतात. आणि फॉर्म्युले न्यायचे असतील पण लिंक नको असेल, तर कॉपी करण्याआधी ते सेल निवडून कंट्रोल-एचने बरोबरच्या चिन्हाच्या जागी हॅश आणि बरोबर अशी दोन चिन्हं बसवा. फॉर्म्युले नुसता मजकूर होतात. नव्या फाइलमध्ये चिकटवा, तिथे उलटी अदलाबदल करा, जुन्या फाइलमध्येही करा किंवा ती सेव्ह न करता बंद करा.